हातचा न लागलेली सतरा अंकी संख्या

नाशिकरोडच्या एका आठवीतल्या मुलीने विचारलंय: "सर, नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. हा योगायोग आहे का? दहा एक घेतले की हे का बिघडतं? बाबा म्हणतात, संख्या दिसायला छान आहे, पण त्यापलीकडे तिच्यात काही नाही. ते खरं आहे का?"

मी तेहतीस वर्षं नाशिकमध्ये शाळेत गणित शिकवलं. आता रविवारी सकाळी काही मुलं घरी येतात, त्यांच्याबरोबर गणित करतो. ही संख्या दरवर्षी कुणीतरी फळ्यावर आणतंच, आणि दरवर्षी तिच्यात मला काहीतरी नवं सापडलेलं असतं. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बाबांना सांग, पलीकडे पुष्कळ आहे. आणि ते शोधण्याची रीत आपल्या शेजारच्या देवळालीतच तयार झाली आहे.

सुरुवात गुणाकारापासून. कॅल्क्युलेटर बाजूला ठेव आणि लहान उदाहरण घे: ११११ गुणिले ११११. उभा गुणाकार मांडलास की ११११ हीच ओळ चार वेळा येते, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकून.

उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक येतो. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. तिथून पुढे ओळी संपत जातात, म्हणून तीन, दोन, एक. बेरीज १२३४३२१. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक "माझ्या रकान्यात किती ओळी आहेत" एवढंच सांगतो. चढण आणि उतरण येते ती पायऱ्यांसारख्या सरकलेल्या ओळींमुळे. शाळेत आपण "रामाला भाला मारा" हे वाक्य उलटसुलट वाचायचो. त्यात सात अक्षरं आहेत, रा-मा-ला-भा-ला-मा-रा, आणि रचना हुबेहूब १२३४३२१ ची आहे.

नऊ एक घेतलेस की नऊ ओळी, सतरा रकाने. मधल्या रकान्यात नऊ एक, बेरीज ९. संपूर्ण गुणाकारात कुठेही हातचा येत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेव, कारण पुढचं बरंच काही याच्यावर उभं आहे.

दहा एक घेतलेस तर मधल्या रकान्यात दहा येतात. दहा हा अंक नाही. तिथे ० लिहून हातचा १ डावीकडे जातो. डावीकडे ९ बसलेले, त्यांचे १० होतात, पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या डावीकडे ८ आहेत, त्यांचे ९ होतात आणि हातचा तिथे शांत होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू ९८७६५४३२१ जशीच्या तशी शाबूत आहे, कारण हातचा कधी उजवीकडे जात नाही. डाव्या बाजूला मात्र ८ गायब झाला आहे. हा हरवलेला आठ लक्षात ठेव, तो पुन्हा भेटेल.

यातूनच एक कसोटी मिळते, जी मी मुलांना हमखास करायला लावतो. गुणाकारात हातचा अजिबात आला नाही तर उत्तराच्या अंकांची बेरीज दोन्ही संख्यांच्या अंकांच्या बेरजांच्या गुणाकाराइतकी येते. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून वर्गाच्या अंकांची बेरीज ९ × ९ = ८१. मोजून बघ, ८१ च येते. प्रत्येक हातचा ही बेरीज नऊने कमी करतो, कारण एका घरातले दहा जातात आणि शेजारी एक येतो. दहा एकांच्या वर्गात दोनदा हातचा आला, म्हणून १०० वजा १८, म्हणजे ८२. अंकांची बेरीज करून बघ, बरोबर ८२ येते.

आणि बिघडतं ते आपण दहाच्या पायात मोजतो, म्हणजे दहा झाले की डावीकडच्या घरात एक देतो, म्हणून. आठच्या पायात मोजणाऱ्यांना ही मजा सात एकांपर्यंतच मिळेल, १२३४५६७६५४३२१ पर्यंत. सोळाच्या पायात ती पंधरा एकांपर्यंत जाते.

एक सावधगिरीची सूचना. काही कॅल्क्युलेटर आणि प्रोग्रॅम या संख्येचा शेवट ३२१ ऐवजी ३२० असा दाखवतात, आणि एक्सेल तर १२३४५६७८९८७६५४३०० असं दाखवतं. संगणक अपूर्णांकांसाठीच्या नेहमीच्या पद्धतीने संख्या साठवतो तेव्हा २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडल्यावर त्याला प्रत्येक पूर्ण संख्या वेगळी धरता येत नाही. आपल्या संख्येच्या आसपास त्याला फक्त सम संख्या धरता येतात आणि आपली तर विषम आहे. एक्सेल पंधरा अंकांवर थांबतं. म्हणून इथून पुढचं सगळं कागदावर कर. आकडे मोठे दिसतात, पण कुठेही पानभर आकडेमोड लागत नाही.

आता संख्येचं नाव घेऊ. भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थानांच्या नावांत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध असा क्रम आहे. आपल्या सतरा अंकांतला पहिला एक "मध्य" या स्थानावर बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे. अशा चढत्या-उतरत्या संख्यांचं आकर्षणही जुनं आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी अशी वर्णन केली आहे. ती सहा एकांचा वर्ग आहे, म्हणजे तुझ्या संख्येची धाकटी बहीण.

अवयव पाडू. १११११११११ मध्ये तीन-तीन एकांचे तीन गट आहेत, म्हणून ती १११ × १००१००१ आहे. १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे नऊ एक = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

३३३६६७ मूळ आहे हे मी सांगितलं म्हणून मानू नकोस. साध्या रीतीने तपासायचं तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. पण वाट जवळची आहे. ३३३६६७ ला भागणारी मूळ संख्या ९९९९९९९९९ लाही भागते. त्यामुळे १ ला तिने भागलं की येणाऱ्या आवर्ती दशांशाची लांबी १, ३ किंवा ९ असणार. लांबी १ फक्त ३ ची, लांबी ३ फक्त ३७ ची, आणि या दोघींनी ३३३६६७ ला भाग जात नाही. उरलेल्यांची लांबी ९, आणि ही लांबी मूळ संख्येतून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला भागतेच. म्हणजे ती संख्या १८ च्या पटीत १ मिळवून येणारी हवी: १९, ७३, १०९, १२७ अशा ५७७ पर्यंत सोळाच आहेत. सोळा भागाकार, एका संध्याकाळचं काम.

या अवयवांत ३७ × ३३३६६७ वेगळा काढून बघ. १२३४५६७९. आठ गायब! त्याला ९ ने गुणलं की नऊ एक येतात, हे तू कुठेतरी वाचलं असशील. पण आठ का नाही, हे क्वचितच कुणी सांगतं. कारण आपण पाहिलेलंच आहे. १ भागिले ८१ काढ: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं चालत राहतं. ८१ म्हणजे ९ चा वर्ग, आणि १ भागिले ९ म्हणजे ०.११११… कधीही न संपणारे एक. तेव्हा १ भागिले ८१ म्हणजे न संपणाऱ्या एकांचा वर्ग. त्याच्या रकान्यांत १, २, ३ असं चढत जातं, ८, ९ आणि मग १०. दहाचा हातचा नवात जातो, नवाचे दहा होतात, त्यांचा हातचा आठात जातो आणि आठाचे नऊ होतात. दहा एकांच्या वर्गातला हरवलेला आठ आणि १२३४५६७९ मधला हरवलेला आठ एकाच हातच्याने नेलेले आहेत. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी वर्गात ठरवलेला धडा सोडून पूर्ण तास यावरच घालवला होता.

आता देवळाली.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, हाताशी संगणक नव्हता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. ६१७४ ही त्यांची संख्या तुला माहीत असेल. नसेल तर १, २, ३, ४ हे अंक घे. त्यांच्यापासून होणाऱ्या सगळ्यांत मोठ्या संख्येतून सगळ्यांत लहान वजा कर: ४३२१ − १२३४ = ३०८७. पुन्हा ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि तिथे गाडी कायमची थांबते.

पण तुझ्या संख्येशी त्यांचं नातं याहून जवळचं आहे. तिचं नाव त्यांनी ठेवलेलं आहे. त्या काळच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. त्यांना ते डेम्लो संख्या म्हणू लागले. तू पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलीस तर कल्याण सुटल्यावर हे स्टेशन मागे जाताना दिसेल. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात: डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा मिळवला की एकच अंक पुन्हा पुन्हा येतो, आणि मधल्या भागातही तोच अंक असतो. १६५ घे: १ + ५ = ६, मधे ६. ४७७७३ घे: ४ + ३ = ७, मधे तीन साती.

आता १२३२१: डावा १२, उजवा २१, बेरीज ३३, मधे ३. १२३४३२१: १२३ + ३२१ = ४४४, मधे ४. आणि तुझी संख्या: डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, मधे ९. एकाच्या खाली आठ, दोनाच्या खाली सात, प्रत्येक जोडी नऊ. नऊ एकांपर्यंतच्या या वर्गांना कापरेकरांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटलं. नऊ एकांची ही त्या रांगेतली शेवटची, जिच्यात चढण-उतरण स्वच्छ दिसते.

मधला ९ उजव्या भागात ढकललास तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. नऊ नऊ! संख्येचे उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे गट करून मिळवले आणि ९९९९९९९९९ आले, याचा अर्थ संख्येला ९९९९९९९९९ ने पूर्ण भाग जातो. भागाकार किती येतो? आपला आठ हरवलेला मित्र, १२३४५६७९. पडताळणी तोंडी होते. १२३४५६७९ च्या पुढे नऊ शून्यं दे आणि त्यातून १२३४५६७९ वजा कर.

कापरेकरांनीच आणखी एक शब्द दिला, हर्षद. हर्ष देणारी संख्या, जिला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो. तुझ्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिच्यात ३ चार वेळा आहे, म्हणजे ८१ ने भाग जातो. हर्षद आहे. भागाच्या ऐवजी गुणाकार केलास तर संख्या × ८१ = ९९९९९९९९८००००००००१, आणि हा ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे दोन तुकडे कर, ९९९९९९९९८ आणि १, मिळवले की परत ९९९९९९९९९. वर्गाचे तुकडे मिळवून मूळ संख्या परत देणाऱ्या संख्यांना जग कापरेकर संख्या म्हणतं. ४५ ही त्यातली लहान: ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५.

शेवटचा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे. कापरेकर संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून पुढची संख्या तयार करत. २१ पासून २१ + ३ = २४. तेव्हा २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो, जसं २०, ३१, ४२, ५३. त्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं. गणिताच्या पुस्तकांत त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. आपल्या गावाचं नाव गणितात असं कोरलं गेलं आहे आणि नाशिकच्या फार थोड्या मुलांना ते ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

तर तुझ्या संख्येला जनक आहे का? सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३. म्हणजे जनक असलाच तर तो फार मागे नाही, फक्त शेवटचे तीन अंक बदलणार. आधीच्या चौदा अंकांची, १२३४५६७८९८७६५४ ची, बेरीज ७५. शेवटचे तीन अंक त्यात ० ते २७ ची भर घालणार. तेव्हा जनकाच्या अंकांची बेरीज ७५ ते १०२ मध्ये हवी. शिवाय नऊने भागल्यावर संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज सारखीच बाकी देतात. जनक अधिक बेरीज नऊच्या पटीत यायची, म्हणून त्या बेरजेची दुप्पट नऊच्या पटीत, म्हणून बेरीजही नऊच्या पटीत. उरले तीनच पर्याय: ८१, ९०, ९९.

९९ घेतले तर शेवट २२२, बेरीज ७५ + ६ = ८१. जुळत नाही. ९० घेतले तर शेवट २३१, पुन्हा ८१. जुळत नाही. ८१ घेतले तर शेवट २४०, बेरीज ७५ + ६ = ८१. जुळलं! जनक आहे, एकच आहे: १२३४५६७८९८७६५४२४०. आणि तुझ्या संख्येतून ८१ वजा करून तो आला असल्यामुळे त्यालाही ८१ ने भाग जातो. तोही हर्षद.

मग मी साहजिकच पुढचा प्रश्न विचारला. या जनकाचा जनक कोण? तेच चौदा अंक, तेच तीन पर्याय. ८१ घेतले तर शेवट १५९, बेरीज ७५ + १५ = ९०. नाही. ९० घेतले तर शेवट १५०, बेरीज ८१. नाही. ९९ घेतले तर शेवट १४१, बेरीज ८१. नाही.

जनक नाही. १२३४५६७८९८७६५४२४० स्वयंभू आहे, देवळाली संख्या आहे. तुझी संख्या तिच्यापासून बरोबर एका पावलावर उभी आहे. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा तीनदा तपासलं, आणि तूही तपास.

पुढच्या दिशेने गेलीस तर तुझ्या संख्येत ८१ मिळवून शेवट ४०२ येतो, बेरीज पुन्हा ८१, म्हणजे तिसरी हर्षद. त्यानंतर शेवट ४८३, बेरीज ९०, आणि पाऊल ८१ वरून ९० होतं. मागच्या दिशेने मात्र धाकट्या बहिणींची उत्तरं वेगवेगळी येतात. १२१ ला जनक नाही, ती स्वतःच स्वयंभू आहे. १२३२१ चा जनक १२३१२. १२३४३२१ चा १२३४३०४. महावीराचार्यांच्या १२३४५६५४३२१ लाही जनक आहे. त्यासाठी पहिल्या आठ अंकांची बेरीज ३० धर, म्हणजे तपासायला फक्त ३६, ४५ आणि ५४ एवढेच पर्याय उरतील.